मंगळवारची निळी पेटी

हॅडेनबर्ग, मिशिगन
९ मार्च

कॉरिन,

अभिनंदन. आपल्या घराण्यात जिवंतपणी पेपरात नाव आलेली तू पहिलीच. तुझ्या गेरिट काकांनी सगळा जन्म हॅडेनच्या कारखान्यात काढला, तरी त्यांचं नाव एकदाच छापून आलं, तेही मेल्यावर, आणि वर फोटो भलत्याच माणसाचा.

बातमी मला डोरीन व्हॅन डाइकने दिली. शेजारधर्म म्हणून चर्चमध्ये ऐन प्रार्थनेच्या वेळी तिने पेपर माझ्या मांडीवर ठेवला आणि बोट टेकवून बसली. अपुऱ्या दिवसांची बाळं, हॅडेनचं डब्याचं दूध, आतड्यांचा आजार, भरपाईचे दावे, आणि दावा लावणाऱ्यांत तुझं नाव. 'तुझीच भाची ना गं ही?' असं तिने इतक्या हळू विचारलं की मागच्या तीन रांगांना ऐकू गेलं.

इलिनॉयला गेल्यापासून तुझी स्मरणशक्ती गेलेली दिसते, म्हणून आठवण करून देते. तुझी आई गेली आणि तू माझ्याकडे आलीस, तेव्हा तू याच डब्यावर वाढलीस. कारखान्याच्या उन्हाळी मिरवणुकीत पुठ्ठ्याच्या मोठ्या डब्यावर बसून लोकांना हात कोण हलवत होतं? तुझ्या काकांमागे मला मिळणारी पेन्शन, माझा नवा खुबा, चर्चचं छप्पर, सगळं त्या डब्यातून निघालंय.

तुझ्या बाळाचं, एमेटचं, वाईट झालं. मी काही दगड नाही. पण खरं बोलायचं तर आपल्या घराण्यात बायकांना दूध येतच नाही. तुझ्या आजीला नव्हतं, आईला नव्हतं, तुला नव्हतं. मग इस्पितळाने त्या लेकराला काय हवा पाजायची होती?

आमच्या गावाकडे बघ. इथली माणसं गाजावाजा न करता करतात. दर मंगळवारी बायकांची निळी पेटी इस्पितळात जाते, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी, कित्येक वर्षं झाली. कुणी पेपरात दिलं नाही, कुणी वकील केला नाही. शीक काहीतरी.

फोन करू नकोस, कानाच्या यंत्रात मला नुसती शिट्टी ऐकू येते. पत्र लिही.

तुझी (अजून तरी) मावशी,
ओपल


क्लोव्हर बेंड, इलिनॉय
२० मार्च

प्रिय मावशी,

पत्र पोचलं. लागायचं तिथे लागलं.

पत्रच बरं. वकीलबाईंनी मला मोबाइलवर या विषयात चकार शब्द लिहायला बंदी केलीय, कंपनीचे वकील म्हणे सगळं मागवून वाचतात. कागद कोण वाचायला बसलंय?

वकीलबाई मला कुठे भेटल्या ते तू विचारणारच, म्हणून आधीच सांगते. हायवेला एक फलक आहे. त्याच्या डावीकडे तळलेल्या कोंबडीची जाहिरात, उजवीकडे 'येशू येतोय, तयार राहा', आणि मधे पेटिग्रूबाई बत्तीस दात दाखवत उभ्या: 'बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं? डब्याचं दूध दिलं होतं? आम्हाला फोन करा.' मी निघाले होते कोंबडी आणायला.

आता हवा पाजण्याबद्दल. एमेट बारा आठवडे आधी आला. डोकं मुठीएवढं, नाक मात्र थेट माझ्या नवऱ्याचं, वेडचं, त्याच्या घराण्याने तेवढी घाई करून घेतली. मी दिवसरात्र दूध काढायच्या यंत्राला जुंपलेली. बाटलीच्या तळाशी जे काही जमायचं ते बघून नर्स म्हणायची, 'छान चाललंय.' मग एक दिवस तिने छोटी बाटली आणली, तिच्यावर हॅडेनचं नाव. मावशी, मला इतकं हायसं वाटलं. मी तिला छाती फुगवून सांगितलं, 'हे आमच्या गावचं. माझ्या काकांच्या कारखान्यातलं.' ती म्हणाली, 'मग काय, घरचंच.'

काही दिवसांनी त्याचं पोट टणक झालं, फुगलं, मग काळंनिळं पडलं. सर्जनने पोट उघडलं आणि लगेच शिवलं. आतडं मेलंय म्हणाला. दुसऱ्या दिवशी एमेटही गेला.

मग त्याची खरी तारीख आली, ज्या दिवशी तो जन्मायला हवा होता. त्या दिवशी सकाळी दारात हॅडेनचं खोकं. एक डबा फुकट, बाकीच्यांवर सवलत, आणि कार्ड: 'तुमच्या चिमुकल्याचं स्वागत असो.' कंपनी वक्तशीर आहे, मानलं पाहिजे. आमच्या घरात तेवढं वक्तशीर कुणीच निघालं नाही.

मला पैसे नकोत असं म्हणणार नाही, छप्पर आमचंही गळतं. पण मला हवंय ते वेगळंच. माझ्या अंगाला दूध आलं नाही म्हणून माझं बाळ गेलं का, हे मी रोज भांडी घासताना स्वतःला विचारते. कुणीतरी कोर्टात शपथ घेऊन याचं उत्तर द्यावं, एवढ्यासाठी हा दावा. तू तर शपथेवाचूनच देऊन टाकलंस, पोस्टाने.

तुझी,
कॉरिन


हॅडेनबर्ग
४ एप्रिल

कॉरिन,

खोक्याचं मला माहीत नव्हतं. पाठवणी खात्यातली हल्लीची पोरं सगळं संगणकावर सोडून मोकळी होतात. गेरिट असते तर त्यांनी तिथे जाऊन एकेकाचे कान उपटले असते. यापेक्षा जास्त मला त्यावर लिहिता येत नाही.

इकडे काल पाहुणा आला होता. कंपनीचा वकील, थेट शिकागोहून. बूट असे की माझ्या स्वयंपाकघराला लाज वाटली. पण माणूस गोड. गेरिटच्या फोटोसमोर दोन मिनिटं उभा राहिला, अ‍ॅपल पायचे दोन तुकडे खाल्ले, आणि तुझी विचारपूस केली. लहानपणी कशी होतीस, आईबरोबर काय झालं, आपल्या घराण्यात बाळंतपणं कशी होतात. बाईमाणसासारखा आस्थेने विचारत होता. मी खरं ते सांगितलं, दुधाचंही. त्याने लिहून घेतलं आणि म्हणाला, 'मिसेस हुकस्ट्रा, तुमच्यासारखी स्पष्ट माणसं हल्ली राहिली नाहीत.'

मला वाटतं, बोलून हे मिटेल. तू माघार घे, तो काही वाईट माणूस दिसत नाही.

डोरीनच्या नेलला दिवस गेलेत. डोरीन आतापासून आजी झाल्यासारखी चालते.

मावशी


क्लोव्हर बेंड
१५ एप्रिल

मावशी,

तुझ्या अ‍ॅपल पायने कमाल केली. दोन तुकड्यांत कंपनीला अख्खा बचाव मिळाला.

काल त्यांचं कोर्टातलं उत्तर आलं. पेटिग्रूबाईंनी वाचून दाखवलं, मी त्यांच्या कातडी खुर्चीत बसून ऐकलं. बाळाच्या आईला दूध नव्हतं. तिच्या आईलाही नव्हतं, हे घराण्यातच आहे, जवळच्या नातलगाने सांगितलंय. म्हणजे डब्याला पर्यायच नव्हता. आणि असल्या बाळाला जे नडलं ते आईचं दूध नसणं, डब्याचं दूध असणं नव्हे. किती सभ्य भाषा बघ. सरळ लिहायचं होतं ना, आई कोरडी म्हणून पोर मेलं. तू तरी सरळ लिहिलं होतंस.

माझी स्पष्ट माणूस, तुला आता एक स्पष्ट प्रश्न. परवा संतापाच्या भरात तुझं पहिलं पत्र फाडायला काढलं आणि पुन्हा वाचलं. त्यात निळ्या पेटीचं लिहिलंयस. तेव्हा मी ते गावाच्या फुशारक्यांत धरून सोडून दिलं होतं. लहानपणी ती पेटी लोकांच्या दारात दिसायची, पण आत काय ते मला कुणी सांगितलं नाही. त्या पेटीत काय असतं? कुणाला देतात? आणि जिथे कारखान्याची चिमणी इस्पितळाच्या खिडकीतून दिसते, तिथे पेटी लागतेच कशाला?

कॉरिन


हॅडेनबर्ग
२४ एप्रिल

कॉरिन,

चला, गावाबद्दल काहीतरी बरं विचारलंस.

पेटीत दूध असतं, आणखी काय असणार? आईचं दूध. गावात ज्या अंगावर पाजणाऱ्या बायका आहेत, कारखान्यातल्यांच्या बायका, त्यांना जास्तीचं होतं ते त्या काढून गोठवतात. मंगळवारी मी दारोदार जाऊन निळ्या पेटीत गोळा करते, शहरातल्या मिल्क बँकेत नेते. तिथे तपासतात, तापवतात, आणि आधीच तयार असलेलं पेटीत भरून देतात. ते आपल्या इस्पितळात. मला ना मूल ना दूध, पण गेरिटचा ट्रक आहे, म्हणून ते गेल्यापासून फेरी माझी.

हे सुरू केलं डॉक्टर स्लागरच्या बायकोने. स्लागर म्हणजे कंपनीचे मोठे डॉक्टर, सगळ्या डब्यांवर शेवटची सही त्यांची. त्यांची नात अशीच फार आधी आली, आणि सुनेला दूध नव्हतं. तेव्हा डॉक्टर स्वतः चर्चच्या तळघरात आले, आम्हा बायकांपुढे टोपी हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, 'एवढ्याशा पोटाला आपला डबा झेपायचा नाही. जरा मोठी होऊ दे, मग मी स्वतः पाजीन.' त्या दिवसापासून गावात हीच रीत. पुऱ्या दिवसांच्या बाळाला डबा, आधी आलेल्याला पेटी. ती नात आता दंतवैद्य आहे.

यात विचारण्यासारखं काय आहे? इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. तुझ्या वकीलबाईला सांग, लोकांवर दावे लावण्यापेक्षा अशी एखादी पेटी चालव म्हणावं.

झालं समाधान?

मावशी


क्लोव्हर बेंड
६ मे

मावशी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग वेडने वाचलं आणि तो अंगणात जाऊन उभा राहिला.

आता तू वाच. शांतपणे बस, चष्मा लाव, आणि मनात असं धर की तू हॅडेनबर्गची नाहीस, इलिनॉयची कुणीतरी आहेस.

कंपनीचे मोठे डॉक्टर. स्वतःची नात. 'एवढ्याशा पोटाला आपला डबा झेपायचा नाही.' आणि त्यानंतर इतकी वर्षं तोच डबा छोट्या बाटल्यांत भरून तुमच्या गावातून आमच्या इस्पितळात येत राहिला. तुमच्या गावातल्या बाळांना पेटी. आमच्या बाळांना कार्ड, 'स्वागत असो.'

हे मला वकीलबाईंना सांगावं लागणार. परवानगी मागतेय असं दाखवणार नाही, तू नको म्हणालीस तरी मी सांगणार आहे. पण ते तुला आधी माझ्याकडून कळावं. तुझी पेन्शन, तुझं चर्च, गावातलं तुझं तोंड, सगळं मला माहीत आहे. मला त्याचं फार वाईट वाटतं आणि तरीही मी सांगणार आहे.

कॉरिन


हॅडेनबर्ग
१४ मे

कॉरिन,

मी गावाचा चांगुलपणा सांगितला, तू त्याचा पुरावा केलास. माझ्या हाताखाली वाढलीस हे कुठे बोलू नकोस.

आता पत्र लिहू नकोस.

ओपल हुकस्ट्रा


क्लोव्हर बेंड
१९ जुलै

मावशी,

लिहू नकोस म्हणालीस, तरी हे एक सांगायला हवं.

तुला जबानीची नोटीस आली असेल. इथे कोर्टात यायला नको, तिथेच घेतील. आणि दुसरं, मी मूर्ख ठरले. कागद कोण वाचतंय म्हणाले होते ना? कागदही मागवता येतो. आपली सगळी पत्रं त्यांना द्यावी लागली. पेटिग्रूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, म्हणाल्या, मोबाइल नको याचा अर्थ पत्र चालेल असा नव्हे. तेव्हा तुझा राग, माझी भांडी घासणं, सगळं शिकागोच्या लोकांनी वाचलंय.

जबानीत तुला काय म्हणायचं ते म्हण. मी तुला एकही शब्द शिकवणार नाही.

कॉरिन


हॅडेनबर्ग
२ सप्टेंबर

कॉरिन,

आधी कंपनीच्या वकीलसाहेबांना नमस्कार. साहेब, माझा अ‍ॅपल पाय आवडला होता ना? पुढच्या वेळी आलात तर बाजारातला आणून ठेवीन.

तू लिहिलंस तसं सगळं झालं. नोटीस आली, आणि गावात पोस्टमन माझ्या आधी सगळ्यांकडे बोलला असावा. मिरवणुकीच्या दिवशी अ‍ॅपल पाय विकायच्या टेबलावरची माझी जागा डोरीनला दिली. चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटी, ऐसपैस. पाय पसरून बसते.

मग जुलैच्या अखेरीस इस्पितळातून निरोप आला की निळी पेटी बंद. 'फेरविचार होईपर्यंत.' इस्पितळाच्या समितीत अर्धे लोक कारखान्याचे, हे तुला सांगायला नकोच. गावाचा चांगुलपणा इतकी वर्षं चालला, आणि पुरावा ठरल्याबरोबर त्याचा फेरविचार करावा लागला. मी पेटी धुऊन गॅरेजमध्ये उपडी घातली. खरं सांगू, मला तेव्हा रागच आला होता, आणि तो तुझाच. पण ती उपडी पेटी येताजाता दिसायची आणि तुझं ते पत्र आठवायचं. इलिनॉयची कुणीतरी आहेस असं धर. धरून बघितलं. बरं नाही वाटलं.

आता ऐक. मागच्या आठवड्यात डोरीनच्या नेलला मुलगा झाला. अकरा आठवडे आधी. दुसऱ्या दिवशी दुपारी डोरीन माझ्या दारात. केस विस्कटलेले, एका पायात घरातली चप्पल, दुसऱ्यात बागेतला बूट.

म्हणाली, 'ओपल, नेलला दूध येत नाहीये.'

मी म्हटलं, 'हो का? मग काळजी कसली? इस्पितळात हॅडेनचं आहे ना. एक नंबर माल, तूच सांगत असतेस.'

'ओपल, असं नको बोलू.'

'का बरं? तुझा नवरा तेच डबे भरतो, तुझा जावई भरतो. घरचंच.'

तर ती बया माझ्या पायरीवरच बसली आणि भोकाड पसरून रडायला लागली. 'तुला माहीतेय,' म्हणाली. 'आपल्या सगळ्यांना माहीतेय. त्याला डबा नको देऊ देत. तुझ्या पाया पडते, पेटी काढ.'

कॉरिन, मला वाटलं होतं मला हे बघून मजा येईल. सहा महिने मी हीच वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. पण मला तिथे, त्या पायरीवर, तू दिसलीस. तुझ्या पायरीवर खोकं आलं होतं आणि तुझ्याजवळ पेटी मागायला शेजारीण नव्हती. तू विचारलंही नाहीस, कारण तुला कुणी सांगितलंच नव्हतं की विचारायचं असतं. मी सुद्धा नाही. मला इथे बसून वाटत होतं की असली पेटी सगळ्याच गावांत असते.

मी पेटी काढली. तिला ट्रकमध्ये घातलं, तशीच, दोन वेगवेगळ्या पायताणांत. मिल्क बँकेतून दूध घेऊन इस्पितळात गेलो. दारातल्या नर्सने समितीचं नाव काढलं, तर डोरीनने समितीचं असं नाव काढलं की मी दहा वर्षांत चर्चच्या बाईच्या तोंडून तसं ऐकलं नव्हतं. नर्सने पेटी आत घेतली. पुढच्या मंगळवारी माझ्या अंगणात सात बायका बाटल्या घेऊन उभ्या होत्या. एकेकीने आपली बाटली पेटीत ठेवली. मी एकही टोमणा मारला नाही, आणि ते मला किती जड गेलं असेल ते तुला ठाऊक आहे.

जबानी ऑक्टोबरात आहे. मी जाणार.

मावशी


हॅडेनबर्ग
११ ऑक्टोबर

कॉरिन,

झाली जबानी. पेटिग्रूबाई तुला फोनवर सांगतीलच, पण त्यांच्या सांगण्यात सगळं 'साक्षीदाराने असं नमूद केलं' असं असेल. मी कशी बोलले ते माझ्याकडून ऐक.

गावातल्या मोटेलमध्ये नाश्त्याच्या खोलीत घेतली. माझ्या एका बाजूला वॉफलचं यंत्र, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. समोर तुझ्या पेटिग्रूबाई (दात खरंच तेवढे आहेत) आणि आपले ते गोड साहेब. या वेळी पायची आठवण काढली नाही त्यांनी. एक मुलगी सगळं टाइप करत होती, मी खोकले तेही तिने घेतलं असावं.

पेटिग्रूबाईंनी पेटीचं विचारलं, मी सांगितलं. डॉक्टर स्लागर, तळघर, टोपी, नात. साहेब मधे मधे 'हरकत' म्हणत होते. मी थांबायची, ते म्हणून झालं की पुढे सांगायची. म्हाताऱ्या माणसाला बोलताना मधे थांबायची सवय असतेच.

मग साहेबांची पाळी. म्हणाले, 'तुम्ही डॉक्टर नाही, मिसेस हुकस्ट्रा.' मी म्हटलं, नाही. 'पेटीमागे डॉक्टर स्लागर यांच्या मनात काय होतं ते तुम्हाला कळू शकत नाही.' मी म्हटलं, मनातलं नाही, तोंडातलं ऐकलं.

मग त्यांनी ते काढलं, ज्यासाठी आले होते. माझंच वाक्य, माझ्याच पत्रातून, मोठ्याने वाचलं. आपल्या घराण्यात बायकांना दूध येत नाही, इस्पितळाने काय हवा पाजायची होती. 'हे तुम्हीच लिहिलंय ना?' मी म्हटलं, मीच. 'आणि ते खरं आहे?' मी म्हटलं, पहिला भाग खरा आहे.

'आणि दुसरा?'

कॉरिन, मी त्यांना सांगितलं की आमच्या शेजारणीची मुलगी नेल आहे, तिच्या अंगाला एक थेंब आलेला नाही. तिचा मुलगा अकरा आठवडे आधी आला. तो आता पाच पौंडांचा झालाय आणि त्याला त्याच्या आजीचा आवाज आवडत नाही, म्हणजे डोकंही चांगलं आहे. डॉक्टरांच्या सुनेलाही दूध नव्हतं, त्यांची नात लोकांचे दात काढते. मी म्हटलं, साहेब, आईला दूध नसणं ही आमच्या गावात मरायची गोष्ट नाही. आमच्याकडे त्याला मंगळवार म्हणतात. माझ्या भाचीचं बाळ तिच्या दुधामुळे गेलं नाही. ज्यांना माहीत होतं त्यांनी पेटी स्वतःपुरती ठेवली आणि तिच्याकडे डबा पाठवला. त्यांच्यात मीही आले, हेही लिहून घ्या.

साहेबांनी कागद आवरले, म्हणाले, एवढंच. टाइप करणारी मुलगी डोळे पुसत होती, ते मात्र तिने टाइप केलं नाही.

कोर्ट काय ठरवायचं ते ठरवेल. पेटिग्रूबाई म्हणतात वर्षही लागेल, दोनही. कंपनी बहुतेक बंद पाकीट पुढे करेल, गप्प बसण्याच्या अटीवर. ते तुझं तू बघ. पेन्शन या महिन्याची आली आहे, पुढचं पुढे.

पण तू म्हणाली होतीस की कुणीतरी शपथ घेऊन उत्तर द्यावं. मी बायबलवर हात ठेवून दिलंय. मार्चमधलं ते वाक्य मी शपथेशिवाय लिहिलं होतं, ते आता धरू नकोस. भांडी घासताना हे आठव. तुला दूध नव्हतं, एवढंच. त्यात कुणी मरावं असं काही नव्हतं.

तुझी मावशी,
ओपल